हाळीचा चौदावा टेक

दीपक : ...आणि हा चंद्रपूरचा, खाणीत कामाला आहे. लिहितो, ‘दिवसभर यंत्रांचा आवाज कानात असतो. तुमचा अल्बम त्याच्याहून मोठ्यानं लावला आणि डोकं शांत झालं.’ नाना, हा अभिप्राय मी फ्रेम करून भिंतीला लावणार.

आबा : लाव भो. पन खिळा ठोकाआधी घरमालकले इचारी ले.

दीपक : काय म्हणालात? जरा मोठ्यानं.

आबा : इतलाच आवाज शे मन्हा. जवळ सरक.

संघमित्रा : आबांची टिंगल चाललीय, दुसरं काही नाही. दीपक, तू तो सालदाराचा वाच. त्यासाठी तर जळगावहून पहाटेची गाडी धरून साक्रीला आलोय आपण.

दीपक : हां. हे ऐका नाना. अल्बमचं नाव ‘सालदार’, तर नागपूरच्या कोणीतरी विचारलं, सालदार म्हणजे काय? त्याच्याखाली एका माणसानं उत्तर दिलंय. अक्षरं सगळी आडवीतिडवी. ‘सालदार म्हणजे आखाजीपासून, अक्षय्य तृतीयेपासून, पुढच्या आखाजीपर्यंत एकाच मालकाकडे राबणारा गडी. मी नऊ सालं केली, यावलकडे. पोरानं मोबाइलवर लावून दिलं. निम्मं कळालं नाही. पण सहाव्या गाण्यात तो माणूस आखाजीच्या सकाळी मालकाच्या ओट्यावर बसून राहतो आणि मालक बाहेरच येत नाही, तिथं मी बंद केलं. मग परत चालू केलं.’

आबा : नाव काय त्यान्हं?

दीपक : नाव नाही टाकलेलं. बैलाचा फोटो आहे.

आबा : मन्हा बाप बी असाच बसे. झुलाल सालदार. दोन-दोन घंटा. आतमा मालक चहा पी ऱ्हायना ते बाहेर आयकू ये.

संघमित्रा : तुम्हीच सांगितलेलं आहे सगळं. त्याचीच सात गाणी झाली.

आबा : मी बसीसन सांगं व्हतं माय. तू वरडीसन सांगं.

दीपक : नाना, त्याला ग्राउल म्हणतात. हे डेथ मेटल आहे ना. त्यातही आमचं प्रोग्रेसिव्ह, म्हणजे गाणं एका चालीत राहत नाही. सात मात्रा, मग अकरा, मग एकदम पाच—

आबा : दीपक, मी बारा वरीस गायन पार्टी चालाडी. मात्रा माले नको शिकाडू.

दीपक : चुकलो नाना. कान पकडले.

संघमित्रा : वाईटही वाच जरा. नाहीतर आबांना वाटेल, गोडगोड तेवढं निवडून आणलंय.

दीपक : वाईट तर टोपलीभर आहे. ‘आमच्या म्हशीचं पोट फुगलं होतं तेव्हा असाच आवाज येत होता.’

आबा : हाई मानूस घरना शे. खरं बोलस.

दीपक : ‘ड्रमवाल्याला कोणीतरी घरी नेऊन सोडा.’ आमच्या प्रशीलनं या अभिप्रायाला स्वतःच अंगठा दिलाय. ‘गिटार चांगली, पण गिटारवाल्याला थांबायचं कळत नाही.’ हा मी वाचला नाही असं समजा. आणि आता पाचवं गाणं. ‘हाळी.’ नाना, आजच्या तारखेला एकशे बारा अभिप्राय आहेत, त्यातले साठ-सत्तर या एकट्या गाण्यावर. हा पुण्याचा माणूस संगीतावर मोठमोठं लिहितो, तो म्हणतो, ‘आवाजातली जखम खरी आहे.’ ‘सातव्या मिनिटाला आवाज फाटतो तिथं अंगावर काटा येतो.’ ‘असं दुःख नाटक करून येत नाही.’ आणि हे, ‘धुळ्याला हाळी झालीच पाहिजे’, ‘हाळी, हाळी, हाळी’... असं बावीस जणांनी.

आबा : आनि वरडनारी कोन शे, हाई त्यास्ले माहीत शे का?

संघमित्रा : बुधवारपर्यंत नव्हतं. अल्बमवर मी नुसतं ‘आवाज : सं. भ.’ एवढंच टाकलं होतं. सगळे धरून चालले की बुवा आहे. एकानं तर वर्णनच केलं, सहा फूट उंच, छातीपर्यंत दाढी.

दीपक : त्या माणसाला मी तिचा फोटो पाठवणार होतो. पाच फूट एक इंच, हातात शिट्टी आणि एसटीची वही.

संघमित्रा : मग उद्याच्या कार्यक्रमाचं पोस्टर आलं, नावा-फोटोसकट. तेव्हापासूनचे मी स्वतः वाचते, दीपक, दे इकडे. ‘ही पोरगी? शक्यच नाही.’ ‘आवाज कॉम्प्युटरनं केलाय, रविवारी बाई नुसते ओठ हलवतील.’ आणि हा जळगावचाच आहे, ‘ही बाई स्टँडवर घोषणा करते. यावलला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे. ही काय डेथ मेटल गाणार?’ तर आबा, उद्या धुळ्यात हाळी होणार. अकराच्या अकरा मिनिटं. काही झालं तरी मी म्हणणार.

आबा : हं.

संघमित्रा : नुसतं हं?

दीपक : बरोबर आहे. नाना, एकशे बारा जणांचं झालं, तिचे वडील म्हणून तुमचं राहिलंय. काकू सांगत होत्या, तीन दिवस कानात घालून ओट्यावर बसला होतात म्हणे. जेवायला हाक मारली तरी ओ नाही.

आबा : तीन दाव आयकं. आज सकाळे चौथींदाव.

संघमित्रा : मग सांगा ना. मी काल रात्री जेवलेसुद्धा नाही नीट, आबा काय म्हणतील म्हणून. एकशे बारा लोक एकीकडे आणि तुम्ही एकीकडे. खरं सांगते.

आबा : सहा गाना तू पोटमाईन काढस. भक्कम शे. आवाज घोगरा शे, पन तो घोगरापना तू आंगवर घालेल शे, सदरा घालतस तसा. गानं सरनं की काढी ठेवता येस. सातवा गानामा शेवटले तू सदरा काढी ठेवस आनि साधी बोलस, तव्हय मी आठे एकटाच बसेल व्हतू तरी ‘व्वा’ म्हनं.

संघमित्रा : आबा! दीपक, ऐकलंस? दोन वर्षं मी तेच शिकतेय. गळ्यातले खरे पडदे ढिले सोडायचे, वरच्या खोट्या पडद्यांवर आवाज घ्यायचा आणि सगळा जोर पोटाचा. तुम्ही नुसतं ऐकून ओळखलंत?

आबा : पाचवा गानामा सदरा नही. तठे कातडी शे.

दीपक : वा नाना! काय बोललात! हे पुण्याच्या त्या माणसाला सुचायला पाहिजे होतं.

आबा : मी तारीफ नही करी ऱ्हायनू, दीपक.

दीपक : म्हणजे?

आबा : गळा सुजेल शे तिन्हा. पहिली ओळपासून. बाकी गानामा एक श्वासमा दोन ओळी म्हनस, आठे एक ओळमा तीन दाव श्वास तोडस. सातवा मिनिटले जे फाटस ना, लोकेस्ले काटा येस ते, तठे मी कानमाईन काढी टाकं. चारी दाव. मन्हाकडथीन आयकायनं नही. कोठे म्हनं हाई गानं?

दीपक : आमच्याकडे, यावलला. मगनमामाचं केळी पिकवायचं चेंबर आहे. भिंती अशा जाडजूड, दार ओढलं की बाहेर ट्रॅक्टर उभा राहून धडधडला तरी आत कळत नाही. सहा गाणी जळगावात स्टुडिओत झाली, तो नंतर मिळेना. मग म्हटलं, हे काय वाईट आहे? आणि नाना, खरी युक्ती पुढे आहे. रिकाम्या चेंबरमध्ये आवाज घुमतो. म्हणून मी केळींचे भरलेले क्रेट भिंतीला लावून घेतले, खालपासून छतापर्यंत. आवाज असा कोरडा ठणठणीत आला म्हणून सांगू! मुंबईचे लोक स्पंज लावतात, आम्ही केळी लावली.

आबा : केळी आत व्हती.

दीपक : हो ना, हिरवी. दुसऱ्या दिवशी पिकायला लागणार होती.

आबा : पंखा?

दीपक : बंद. माइकमध्ये घरघर येते.

आबा : दार?

दीपक : बंदच ठेवावं लागतं नाना, नाहीतर उपयोग काय?

आबा : कितला येळ?

संघमित्रा : चार तास. साडेचार असतील.

आबा : आनि थंडं व्हतं.

संघमित्रा : सतरा डिग्री. मी स्वेटर घातला होता आबा. आईनं विणलेला, निळा.

आबा : स्वेटर गळाना आत जास का? पोरे हो, पिकनारं केळ बी श्वास लेस. मी जवानीमा दोन हंगाम सावद्याकडे केळीनी वखारमा काम करं. वखार उघडी की मुकादम आम्हले घंटाभर आत जाऊ दे नही. पहिले दार सताड उघडं, मंग मानसं. कोन्ही घाई करीसन गया तं डोकं धरीसन बाहेर ये, पायमा गोळा ये. तुम्हीन चार घंटा दार लाई घिधं, पंखा बंद करा, आनि तिन्ही वाटानी हवा केळीस्ले वाटी दिधी.

दीपक : ...डोकं माझंही दुखत होतं. मला वाटलं हेडफोननं.

संघमित्रा : मला वाटलं गाण्यानं.

आबा : कितली दाव म्हनाडं तिले?

दीपक : चौदा टेक झाले.

आबा : ठेवा कोनता?

दीपक : चौदावा.

आबा : काब्र?

दीपक : कारण त्यात आवाज फाटला होता. सगळ्यात चांगला तोच... म्हणजे मला चांगला वाटला. नाना, तुम्ही असं एकेक विचारायला लागलात की मलाच कसंतरी होतंय. दर वेळी मीच म्हणायचो, अजून एकदा, अजून एकदा. ती मान हलवायची आणि परत सुरू करायची.

संघमित्रा : त्यात तुझा काय दोष? मी काय कुक्कुलं बाळ होते? आणि झालं ते डिसेंबरात झालं. आता गळा बरा आहे.

आबा : बरा शे?

संघमित्रा : बरा आहे म्हटलं ना.

आबा : आपला युवराज कंडक्टर जळगाव गाडीवर शे. दर मंगळवारले येस आनि आठे ओटावर पानी पेस. आल्या आल्या सांगस, ‘भटूनाना, पोरना आवाज आयकं आज. खणखणीत.’ माले तितलंच पुरं व्हस. आते तीन हप्ता व्हयनात, तो पानी पेस आनि काही बोलस नही. या मंगळवारले मीच इचारं. तं म्हने, ‘आजकाल घोषणाले लताबाईना आवाज येस.’

संघमित्रा : ड्युटी बदलली, आबा. असं चालूच असतं.

आबा : कोन्ही बदली?

संघमित्रा : ...मी. मागून घेतली. नोंदीच्या टेबलावर बसते सध्या.

दीपक : एक मिनिट. तू तर मला म्हणालीस, तालमीला हळू गाते ती ताकद राखून ठेवायला.

संघमित्रा : सकाळी दहापर्यंत आवाज निघत नाही. तोंड उघडलं की नुसती हवा. आज गाडीत झोपेचं सोंग घेतलं ते त्यासाठीच. गरम पाणी, मीठ, ज्येष्ठमध, सगळं करते. अकराच्या सुमाराला येतो, तोपर्यंत चार गाड्या सुटून गेलेल्या असतात.

दीपक : तीन आठवडे! आणि मी रोज तुझ्यासमोर बसून हाळीचे अभिप्राय मोजतोय. सांगायचं नाहीस?

संघमित्रा : सांगितलं असतं तर तू कार्यक्रम रद्द केला असतास.

दीपक : केलाच असता!

संघमित्रा : म्हणूनच नाही सांगितलं. मला कार्यक्रम पाहिजे होता, दीपक. आबा, तुम्हीही ऐका. माझा आजोबा या शिवारातून त्या शिवाराला हाळी द्यायचा. डुकरं हाकलायला, मालकाला उठवायला, पाणी तुटलं म्हणून सांगायला. त्याचा आवाज दुसऱ्यासाठीच गेला सगळा. त्याचं गाणं मी केलं, माझ्या नावानं केलं. आता लोक म्हणतात, ही नव्हेच. ही बाई, ही स्टँडवरची, ही ओठ हलवणार. उद्या हाळी म्हटली नाही, तर ते खरं ठरेल. जन्मभर म्हणतील, बघा, सांगितलं होतं ना. मी नाही गप्प बसणार. गळा गेला तर गेला.

आबा : गेला तं गेला?

संघमित्रा : रागात बोलले. पण हो.

आबा : मन्हा गळा कसा गया, तुले माहीत शे?

संघमित्रा : टायफॉइडनं. आई सांगते ना.

आबा : टायफॉइड माले कधी व्हयना नही. हाई तुन्ही मायनं ठेवेल नाव शे. लाजनं मारे. तिले बी वाटे, माले बी वाटे.

संघमित्रा : मग कशानं गेला?

आबा : तू पाळनामा व्हतीस. एप्रिल महिना, जयंतीना. सत्तावीस दिनमा सत्तावीस गावं करात आम्हीन. अठ्ठाविसावं गाव पिंपळनेरकडलं. आंगमा कणकण, गळा जड. पेटीवाला म्हने, आज दोन गाना म्हन आनि बस. पहिलं गानं व्हयनं आनि जनरेटर बंद पडना. माइक गया. म्होरे चार हजार मानूस. मी बिगर माइकनं लागनू. शेवटना मानूसपर्यंत पोचाडं. आवाज फाटना, तं मानसं उभी ऱ्हायनीत. म्हनेत, ‘आज भटूना आवाजमा दर्द शे! पुन्हा एकदाव!’ माले गोड लागनं माय. बारा वरीसमा असं कोन्ही म्हनं नव्हतं. तेच गानं सात दाव म्हनं. त्यास्ले दर्द वाटे ती मन्ही सूज व्हती.

दीपक : मग?

आबा : दुसरा दिन सकाळे पानी मांगाले तोंड उघडं. आवाजच नही. दोन महिनामा परत उना तो हाऊ, आते आयकी ऱ्हायनात तो. त्या चार हजारमाईन एक बी मानूस घर इचाराले उना नही. वाईट नव्हतात त्या. त्यास्ले काय माहीत? त्या तं खूश व्हईसन घर गयतात.

संघमित्रा : आबा... तुम्ही हे मला आत्ता सांगताय? अठ्ठावीस वर्षांनी? मी गाणं सुरू केलं तेव्हा का नाही सांगितलंत?

आबा : सांगनार व्हतू. मंग वाटनं, बापनं भ्याव पोरले काब्र घालो? तू पोटमाईन म्हने, मी आयकी ले आनि गप बसे. चुकनं मन्हं.

संघमित्रा : म्हणजे आता मी बंद करू? तेच सांगायचंय ना तुम्हाला?

आबा : बंद कर म्हनं का मी? इतला येळ मी सहा गानास्नी तारीफ करी ती काय बंद कराले? इकडे ये, बस. वरडू नको. आते एक सूर लाव. वरला, आनि एकदम हलका. बाळले नीज लागेल शे आनि तुले गुणगुणायनं शे, इतला हलका.

संघमित्रा : त्यानं काय होणार? हाळी हलकी नाही म्हणायची.

आबा : मोठं कोन्ही बी वरडस. सुजेल गळा बी वरडस. हलकं फक्त बरा गळाले येस. लाव.

(ती सूर धरते. क्षणभर लागतो, मग त्याच्या जागी नुसती हवा ऐकू येते. ती पुन्हा धरते. पुन्हा हवा.)

दीपक : परत एकदा बघ ना... नाही, नको. अजिबात नको. मी काय बोलतोय!

संघमित्रा : येत नाही, आबा.

आबा : हं.

संघमित्रा : अकरा वाजून गेलेत. आता तर यायला पाहिजे होता.

आबा : रडू नको. रडानं बी गळाले चांगलं नसे.

संघमित्रा : रडू द्या हो दोन मिनिटं. सगळ्यालाच कशी बंदी?

दीपक : मी आयोजकांना फोन लावतो. कार्यक्रम पुढं ढकलू. आजारी आहे म्हणून सांगतो, टायफॉइड—

संघमित्रा : टायफॉइड नाही! दीपक, खबरदार. या घरात एक टायफॉइड बस झाला. फोन खाली ठेव. आज शनिवार आहे, धुळ्याला घशाचे डॉक्टर दुपारी दोनपर्यंत बसतात, बारा वाजता गाडी आहे. आत्ता जायचं. ते गळ्यात नळी घालून बघतील. ते म्हणाले की सहा गाणी चालतील, तर सहा म्हणेन. एकही नको म्हणाले, तर एकही नाही.

दीपक : आणि एकही नको म्हणाले तर उद्या काय?

संघमित्रा : तू आणि प्रशील वाजवाल. मी मधोमध उभी राहीन. पोस्टरवर फोटो आहे ना माझा? तिथं माइकसमोर, तोंड मिटून. ओठ हलवेन म्हणतात ना? हलवणार नाही. बघू दे सगळ्यांना, ही बाई आली, उभी राहिली आणि गायली नाही. जे खरं आहे ते मी तिथंच सांगेन. म्हणजे, लिहून आणेन, तू वाच.

दीपक : लोक ओरडतील. हाळी, हाळी करतील.

संघमित्रा : करू दे. आबांच्या वेळी जनरेटर बंद पडला होता. आपण आपल्या हातानं माइक बंद ठेवू.

आबा : गर्दीम्होरे उभं राहीसन न म्हननं, हाई म्हनानथीन अवघड शे. सोपं समजू नको.

संघमित्रा : सोपं नाहीच. पण हे मी करणार. आणि गळा बरा झाला की हाळी पुन्हा करायची, दीपक. डॉक्टरांनी सांगितल्यावर, चार महिने लागले तर चार महिन्यांनी. पोटातून. चेंबरचं दार उघडं ठेवून.

दीपक : ट्रॅक्टर ऐकू येईल.

संघमित्रा : सालदाराच्या गाण्यात ट्रॅक्टर आला तर कोणाचं काय बिघडलं? आता लिही. हाळीच्याखाली, अभिप्रायातच. माझ्या पूर्ण नावानं. ‘हाळीतला फाटलेला आवाज माझाच आहे. कॉम्प्युटरचा असता तर फाटला नसता. तुम्हाला जे दुःख वाटलं तो दुखावलेला गळा होता. ते गाणं मी चुकीचं म्हटलं. उद्या धुळ्याला म्हणणार नाही. बरी झाले की नीट म्हणेन. तरी या. संघमित्रा भटू बैसाणे.’

दीपक : ‘चुकीचं’ म्हणायचंच का? लोकांना आवडलंय ते. सगळ्यात जास्त तेच ऐकलंय. काढून टाकायचं का मग?

संघमित्रा : काढायचं नाही. ज्यांना आवडलं त्यांना खोटं पाडायचं नाही मला. फक्त त्यांना माहीत पाहिजे, ते काय ऐकतायत. टाक.

दीपक : टाकतो. थांब, खाली माझी एक ओळ घालतो. ‘चौदा टेक मी घ्यायला लावले. अजून एकदा म्हणणारा मी. दीपक.’

आबा : हाई चांगलं करं.

दीपक : गेलं... आलासुद्धा एक. ‘बहाणा.’ बस, एवढंच लिहिलंय. दुसरा. ‘पैसे परत द्या.’ अरे, प्रवेश फुकट आहे!

संघमित्रा : येऊ दे.

दीपक : तिसरी बाई आहे कोणी, ज्योती म्हणून. ‘मी शाळेत शिकवते, माझाही आवाज दर मार्चमध्ये बसतो. डॉक्टरांकडे जा, बाई. उद्या मी येते. न गाता उभ्या राहिलात तरी येते.’

संघमित्रा : हा परत वाच.

आबा : परत नही. आते गाडीमा वाचा. आनि तू, माय, आते एक शब्द बोलू नको. डॉक्टरना दारपर्यंत. हो-नाहीले मान हालाव. कुजबुजू बी नको, कुजबुजानं जास्त लागस. समजनं का? हां, अशी. जा, चप्पल घाल, मायले खूण करीसन ये की आम्ही निंघनूत.

दीपक : तुम्हीही येताय?

आबा : डॉक्टरले कोन सांगी? ती बोलनार नही, आनि तुले आयकाले कमी येस, दिनभर ते गिटार कानशी लायेल. मीच बोलसू. हाऊ इतला आवाज पुरी व्हई.

दीपक : नाना, ती आत आहे तोवर एक विचारू? त्या दिवशी पिंपळनेरकडे तुम्हाला कोणी सांगितलं असतं, भटू, बस कर, तर थांबला असतात?

आबा : नही.

दीपक : नाही?

आबा : चार हजार मानूस उभं ऱ्हायेल, आनि तीसनी उमर. कोन्ही मंचवर चढीसन सांगं ऱ्हातं तं मी त्याले खाले ढकली दिधा ऱ्हाता.

दीपक : मग उपयोग काय झाला असता?

आबा : उपयोग काही नही. गळा तं गयाच ऱ्हाता. पन कोन्ही एकनं सांगं व्हतं, इतलं तं मन्हापाशी ऱ्हातं.